फोटोवर बोलावं कसं, ऐकावं कसं

कॅमेरा घेऊन वर्ष-दोन वर्षं झाली की बहुतेक हौशी फोटोग्राफरांची गाडी एकाच ठिकाणी अडते. एक्स्पोजर जमायला लागलेलं असतं, फोकस बसतो, घरचे कौतुक करतात, पण फोटोत काहीतरी कमी आहे हे आपलं आपल्याला जाणवत असतं. नेमकं काय, ते सापडत नाही. यूट्यूबवरचे आणखी पन्नास व्हिडिओ बघूनही सापडत नाही, कारण त्यात तुमचा फोटो नसतो. तुमच्या फोटोसमोर बसून कुणीतरी बोलावं लागतं.

आता बोलण्याची आपल्याकडची तऱ्हा बघा. 'अप्रतिम सर!', 'निःशब्द', 'एक नंबर' हा एक प्रकार. 'क्षितिज वाकडं', 'बॅकग्राउंड डिस्टर्बिंग', 'थर्ड्सचा नियम पाळा' (म्हणजे विषय मधोमध न ठेवता फ्रेमच्या एक-तृतीयांशाच्या रेषेवर ठेवा) हा दुसरा. पहिल्याने दिवस छान जातो, दुसऱ्याने खराब, आणि पुढच्या रविवारी कॅमेरा हातात घेतल्यावर दोन्हींतलं काहीच कामाला येत नाही. फोटोग्राफीच्या वर्तुळात ज्याला त्याला 'सर' म्हणायची जी पद्धत पडली आहे, तिनेही थोडं नुकसान केलंय. सर म्हटलं की चूक कशी काढणार?

एकत्र बसून फोटो बघायची रीत इथे जुनी आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे निघाली, भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ पासून मुंबईतच आहे. तुमच्या गावात असा क्लब असेल तर उत्तमच. नसेल तर चार-पाच जणांचा कट्टा पुरतो, अगदी दोघंही चालतात. पुढे सांगतोय ती पद्धत अशा छोट्या बैठकीसाठी आहे.

फोटो पुढे ठेवण्याआधी

एका बैठकीला माणशी एकच फोटो, फार तर दोन. तीस फोटोंचा अल्बम पुढे सरकवला की लोक फक्त बोट फिरवतात. आणि सगळ्यात आवडता फोटो आणूच नका. ज्याच्याबद्दल तुम्हालाच प्रश्न आहे, जो जमता जमता राहिला, तो आणा. ज्या फोटोवर टीका झाली तर दोन दिवस जेवण जाणार नाही, तो अजून टीकेला तयार नाही असं समजा. महिनाभर पडू द्या, मग काढा.

फोटो कसा दाखवता यावर अर्धी चर्चा ठरते. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो वाटेत लहान होतो आणि दाबला जातो, मग समोरचा म्हणतो 'शार्प नाही', आणि तुम्ही बिचारे लेन्सवर संशय घेत बसता. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एक्स्पोर्ट करताना कलर स्पेस, म्हणजे फाइलमधल्या रंगांची मोजपट्टी, एसआरजीबी ठेवा. ॲडोबी आरजीबीमधली फाइल अनेक स्क्रीनवर फिकी दिसते आणि 'रंग मेलेत' असा शेरा विनाकारण पदरात पडतो. माझं मत विचाराल तर लॅबमधून ८ बाय १२ इंचाची प्रिंट काढून आणावी. सगळे एकच वस्तू बघतात, कुणाच्या मोबाइलचा ब्राइटनेस किती हा वादच उरत नाही. शिवाय प्रिंट टेबलावर उलटी फिरवता येते, त्याचा उपयोग पुढे सांगतो.

शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं), ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं; एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं), आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील), लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्स किती मिलिमीटरवर होती) हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. विचारल्यावर द्या. फोटोमागची गोष्ट मात्र आधी सांगायची नाही. 'पहाटे तीनला उठलो, पाच तास रांगेत उभा होतो' हे ऐकल्यावर कुणाच्या तोंडून खरं निघणार आहे?

आणि प्रश्न विचारा. 'कसा वाटला?' या प्रश्नाला 'छान' याशिवाय उत्तर नाही. 'नजर आधी कुठे जाते?', 'उजवीकडची मोकळी जागा जास्त होतेय का?', 'चेहरा अंधारात मुद्दाम ठेवलाय, तो तसा वाटतो की चुकून राहिल्यासारखा?' असं विचारलं की समोरच्याला बोट ठेवायला जागा मिळते. उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारू नका. त्याला कौतुक मागणं म्हणतात.

आधी बघा, मग बोला

फोटो पुढे आला की पहिलं एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचं. हे ऐकायला सोपं वाटतं, पाळायला महाकठीण. तेवढ्यात कुणीतरी 'वा!' म्हणतंच आणि बाकीच्यांचं मत तिथेच वळतं.

मिनिटानंतरची पहिली फेरी फक्त वर्णनाची. काय दिसतं तेवढंच सांगायचं, चांगलं-वाईट शब्द वर्ज्य. 'आधी काय दिसलं, मग नजर कुठे गेली, कुठे अडकली.' सगळ्यात नवा सभासद आधी बोलणार, सगळ्यात जुना शेवटी. हा क्रम उलटा झाला की ज्येष्ठांनी जे म्हटलं तेच बाकीचे वेगवेगळ्या शब्दांत म्हणतात, आणि फोटोवाल्याला वाटतं पाच जणांचं एकमत झालं.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा कॉलेजातल्या एका मुलीने जेजुरीचा फोटो आणलाय. सोमवती अमावास्या, ढगाळ सकाळ. गडाच्या पायऱ्यांवर एक माणूस दोन्ही हात वर करून भंडारा उधळतोय. त्याच्यामागे काळ्या दगडाची भिंत, वर कोपऱ्यात पांढऱ्या आकाशाचा तुकडा. फ्रेम आडवी. डाव्या कडेला कुणाचा तरी अर्धा चेहरा आणि पुढे धरलेला मोबाइल. प्रश्न तिने असा विचारलाय: 'उधळण्याचा जोर पोचतोय का?'

वर्णनाच्या फेरीत एक जण म्हणतो, मला आधी मोबाइल दिसला, त्याच्या स्क्रीनवर उजेड आहे. दुसरी म्हणते, मला पिवळा ढग दिसला, मग आकाशाचा पांढरा तुकडा, माणूस तिसरा. तिसरा म्हणतो, मी हातांपाशी गेलो पण बोटं दिसेनात, म्हणून परत खाली आलो. अजून कुणी काही चूक काढलेली नाही, तरी तिला हवं ते निम्मं मिळालं. काढताना तिला फक्त हात दिसत होते. बघणाऱ्यांच्या यादीत हात तिसरे-चौथे आहेत. काढणारा जे बघत होता आणि बघणाऱ्याला जे दिसतं यातलं अंतर स्वतःचं स्वतःला मोजता येत नाही. बैठक बसवायची ती याच्यासाठी. बाकी सगळी चर्चा त्या अंतरातून निघते.

नजरेला मदत करणाऱ्या काही जुन्या युक्त्या आहेत. डोळे बारीक करून बघा: तपशील जातात, उजेड-अंधाराचे ठोकळे उरतात, आणि सगळ्यात उजळ ठोकळा विषयावर आहे की भलतीकडे ते लगेच कळतं. प्रिंट उलटी धरा. माणूस, देऊळ, झाड ही ओळख पुसली जाते आणि तोल दिसायला लागतो. चारही कडांवरून बोट फिरवा, कापलेले हात, अर्धे चेहरे, डोक्यातून उगवलेले विजेचे खांब सगळे तिथेच सापडतात. आणि काळ्या पुठ्ठ्याचे इंग्रजी 'एल'च्या आकाराचे दोन तुकडे कापून ठेवा. ते प्रिंटवर सरकवून क्रॉप करून बघता येतं, तोंडी वाद घालायची गरज पडत नाही.

चूक कुठली, निवड कुठली

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. 'हललंय', 'अंधारं आहे', 'चेहरा मधोमध आहे' हे दोष नव्हेत, ही निरीक्षणं आहेत. दोष ठरतो तो हेतूशी ताडून. म्हणून वर्णनाची फेरी झाली की फोटोवाल्याने एका वाक्यात सांगायचं: मला हे हवं होतं. तिचं वाक्य: 'मूठ उघडते त्या क्षणी भंडारा कसा फुटतो, ते.'

आता चिठ्ठी बाहेर काढा. शटर १/६०, ॲपर्चर एफ ११, आयएसओ १००, कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स ३५ मिलिमीटरवर, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या छटेप्रमाणे रंग जुळवणं) ऑटो, फाइल जेपेग.

१/६० सेकंदाला उधळलेला भंडारा गोठत नाही, कण पुसट होतात. पण तो धड वाहतही नाही. वाहता पिवळा पट्टा हवा असेल तर १/१५ पर्यंत उतरून, कॅमेरा टेकवून, माणूस स्थिर असेल तो क्षण धरावा लागतो. कण न् कण हवा असेल तर १/५०० च्या वर जावं लागतं. १/६० मधे कुठेतरी लोंबकळतो, आणि बघणाऱ्याला तो निर्णय वाटत नाही, राहून गेलेली गोष्ट वाटते. फुटणारी मूठ हवी म्हणाली, म्हणजे तिला वेग हवा होता. तो उजेड तेवढाच असतानाही मिळाला असता. एफ ११ वरून एफ ५.६ वर आलं की दोन स्टॉप मिळतात (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), शटर १/२५० होतं. आयएसओ १०० वरून ४०० केला की आणखी दोन, शटर १/१०००. मागची भिंत थोडी मऊ होईल, आयएसओ ४०० चा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, आजच्या कॅमेऱ्यात नावालाही दिसणार नाही. 'शटर वाढवायला हवं होतं' या शेऱ्यात आणि या हिशेबात फरक आहे. हिशेब ती पुढच्या वेळी वापरू शकते.

रंगाचंही तसंच. भंडारा म्हणजे हळद, आणि कॅमेरा रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलमध्ये नोंदवतो, त्यातला लाल चॅनल गडद पिवळ्या रंगात सगळ्यात आधी भरून वाहतो. कॅमेऱ्याचा साधा ब्राइटनेस हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) तेव्हाही 'सगळं ठीक' दाखवत असतो. परिणाम असा की पिवळ्या ढगात पोतच उरत नाही, नुसता रंगाचा सपाट डाग. म्हणून तिथे तिन्ही रंग वेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावून बघायचं आणि लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटला असेल तर एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप उतरवायचं. त्यात ऑटो व्हाइट बॅलन्सने सगळीकडे पिवळं बघून फ्रेम निळ्याकडे ढकलली आहे, दगड आणि कातडी थंड दिसतात. 'क्लाउडी' लावून ठेवलं असतं तर हा खेळ झाला नसता. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न झालेल्या फाइलमध्ये, काढलं असतं तर व्हाइट बॅलन्स घरी येऊन सुधारता आला असता. भरून वाहिलेला लाल मात्र रॉमध्येही थोडाच परत येतो.

एवढं सगळं एका बैठकीत ओतायचं का? नाही. फोटोवाल्याचा प्रश्न ज्याच्याशी जोडलेला आहे ते सांगा. जोर पोचतो का, हा प्रश्न शटरशी आणि हातांशी जोडलेला आहे. रंगाचं पुढच्या वेळी, किंवा चहा पिताना.

बोलायची रीत

उपयोगी शेऱ्यात फोटोतली जागा सांगितलेली असते, त्या जागेमुळे बघणाऱ्याचं काय होतं ते असतं, आणि काय करता आलं असतं त्याचा एक तरी मार्ग असतो. तिसरं सुचत नसेल तर पहिली दोन सांगून थांबा. उपाय शोधणं हे फोटोवाल्याचंही काम आहे. पण जागा न सांगता 'काहीतरी मिसिंग आहे' म्हणू नका.

जेजुरीच्या फोटोवर कट्ट्यावरचे एक निवृत्त काका बोलतात ते असं:

'बोटं वरून कापली गेलीत बघ. मूठ उघडते तो क्षण हवा होता म्हणालीस, आणि मूठच बाहेर राहिली.'

'हो ना काका. पण मागे सरकायला जागा नव्हती, पाठीला कठडा होता.'

'लेन्स किती वर होती? पस्तीस. मग अठरापर्यंत मागे नेता आली असती.'

'नेली होती. डावीकडे आणखी तीन मोबाइल आले फ्रेममध्ये.'

'बरं. कॅमेरा उभा धरला असतास तर?'

ती प्रिंटवर दोन पुठ्ठे ठेवते, डावी बाजू झाकते. मोबाइल जातो. वरची बोटं पुठ्ठ्याने परत येत नाहीत, पण उभ्या फ्रेममध्ये त्यांना जागा मिळाली असती हे दिसतं. एकाच बदलात दोन्ही दुखणी मिटतात. काकांनी उपाय प्रश्न म्हणून विचारला, त्यामुळे पुठ्ठे तिने स्वतः उचलले.

कौतुकालाही हाच नियम. 'मस्त' म्हणण्यापेक्षा 'मागची भिंत काळी आहे म्हणून पिवळा उठून दिसतो, तोच भंडारा पांढऱ्या आकाशावर गेलाय तिथे हरवलाय' असं म्हणा. जमलेली गोष्ट का जमली हे कळलं तर ती पुन्हा जमवता येते. निम्म्या वेळा माणसाला स्वतःचं बलस्थान माहीत नसतं, योगायोगाने लागलेलं असतं. आणि कडू बोलण्याआधी-नंतर जबरदस्तीने गोड बोलायची जी टूम आहे ती सोडून द्या. ऐकणाऱ्याला दुसऱ्यांदाच कळतं की गोड आलं म्हणजे पाठोपाठ कडू येतंय.

काही शेरे बैठकीतून हद्दपार करावेत. 'मी असतो तर' ने सुरू होणारी वाक्यं: तुम्ही नव्हतात, आणि तो तुमचा फोटो नाही. 'फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घे, मग बघ' हा फोटोवरचा अभिप्राय नव्हे, खरेदीचा सल्ला आहे. आणि नियमांचा दाखला. थर्ड्स, लीडिंग लाइन्स (नजर विषयाकडे नेणाऱ्या रेषा), नजरेसमोर मोकळी जागा हे सगळं उपयोगी आहे, पण 'नियम मोडला' एवढंच कारण पुरेसं नाही, मोडल्याने या फोटोचं काय बिघडलं ते सांगता यायला हवं. क्रॉप करू नये असं सांगणारे फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँचं नाव घेतात. त्यांना क्रॉप खरोखर आवडत नसे. पण डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२ सालचा जगप्रसिद्ध फोटो क्रॉप केलेला आहे, कारण तो कुंपणाच्या फटीतून काढला होता आणि फळीचा भाग फ्रेममध्ये आला होता.

न मागता सांगू नका, हे वेगळं सांगायला हवं का? मावसभावाने मुलाच्या बारशाचे फोटो कौतुकाने दाखवले तर तिथे हायलाइट उडालेत, म्हणजे उजळ भाग पांढरेफटक झालेत, हे सांगायचं नसतं. ते फोटो त्याच्यासाठी आठवण आहेत. कट्ट्यावरच्या माणसालाही आधी विचारा, 'यावर बोललं तर चालेल का?' नाही म्हणाला तर विषय संपला.

फोटो कसा मिळवला, यावरही बोला

आपल्याकडच्या बैठकांत हा भाग हमखास टाळला जातो. भिगवणला उजनीच्या पाणलोटावर रोहित पक्ष्यांचा उडता थवा मिळावा म्हणून होडी थव्यात घालायला लावली असेल, तर पंख कितीही शार्प असले तरी आधी ते बोललं पाहिजे. घरट्यावरचे फोटोही तसेच, कित्येक निसर्ग-छायाचित्र स्पर्धा ते स्वीकारतच नाहीत. वारीत नदीवर अंघोळ करणाऱ्या बायकांचा फोटो समोर आला तर कम्पोझिशनमध्ये शिरूच नका, 'हा त्यांना दाखवता येईल का?' एवढंच विचारा. फोटो चांगला आहे पण तो दाखवू नये, असाही अभिप्राय असू शकतो, आणि तो द्यायला सगळ्यात जास्त धीर लागतो.

एडिटिंगच्या सूचनाही इथेच येतात. 'तो मोबाइल क्लोन करून (शेजारचा भाग त्यावर चिकटवून) काढून टाक' ही सूचना कुणीतरी देणारच. त्यावर आधी ठरवा, हा फोटो कशासाठी आहे. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात मुलांसह बसलेल्या स्थलांतरित मजूर आईचा फोटो काढला. त्यात खाली उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरणारा एक अंगठा आला होता. तिला तो खुपत होता, म्हणून पुढे तिने निगेटिव्हवर तो पुसट करून घेतला. ज्यांच्या सरकारी प्रकल्पासाठी तो फोटो होता त्या रॉय स्ट्रायकर यांना ही ढवळाढवळ पसंत पडली नाही. फोटो म्हणून लँगचं खरं, दस्तऐवज म्हणून स्ट्रायकरचं. जेजुरीचा फोटो भिंतीवर लावायचा असेल तर मोबाइल काढला तरी कुणाचं काही जात नाही. वर्तमानपत्राला किंवा डॉक्युमेंटरी विभागाच्या स्पर्धेला द्यायचा असेल तर हात लावायचा नाही.

ऐकायची रीत

ऐकताना तोंड बंद, पेन चालू. लोक बोलतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवा, आपल्या अर्थाने नको. 'डावीकडे अडकायला होतं' हे वाक्य तुम्ही 'कम्पोझिशन सुधारणे' असं लिहिलंत की महिन्यानंतर त्यातून काही निघणार नाही.

सफाई देऊ नका. 'तिथे गर्दीच एवढी होती' हे खरं असेल, पण प्रिंटसोबत ते वाक्य जात नाही. सफाईचा खरा तोटा वेगळाच आहे: समोरचा ओशाळतो आणि पुढचं सांगायचं थांबवतो. वरच्या संवादात 'जागा नव्हती' हे तिने सांगितलं ते चाललं, कारण काका उपाय शोधत होते आणि त्यांना तिथली माहिती हवी होती. ओळख सोपी आहे. विचारलं म्हणून दिलेली माहिती चालते, वार चुकवायला दिलेली चालत नाही. कळलं नाही तर मात्र जरूर विचारा. 'फ्लॅट वाटतोय म्हणजे कुठे, उजेड की रंग?' असं खोदून विचारल्यावर ढिसाळ बोलणाऱ्यालाही नीट बोलावं लागतं.

चेहरा पडतो, घसा दाटतो, हे होतं. 'धन्यवाद, विचार करतो' म्हणा आणि त्या दिवशी फोटो डिलीट करू नका, री-एडिट करू नका, कुणाशी वाद घालू नका. दोन-तीन दिवसांनी वही उघडा. तोवर अर्धे शेरे आपोआप फिके पडलेले असतात आणि एखाद-दुसरा सतत आठवत राहिलेला असतो. बहुतेक वेळा तोच कामाचा निघतो, विशेषतः पहिल्यांदा ऐकताना राग आला असेल तर.

आता कुणाचं किती ऐकायचं. नजर कुठे गेली, कुठे अडकली याबाबत कुणाचंही ऐका, कॅमेरा न धरलेल्या आईचंसुद्धा. नजरेला अनुभव लागत नाही. तो मोबाइल आईलाही आधीच दिसेल. उपायांबाबत मात्र ज्याने त्या प्रकारचे फोटो काढलेत त्याचंच ऐका. ताडोब्यात ६०० मिलिमीटर लेन्स घेऊन वाघ टिपणाऱ्या माणसाचा गर्दीतल्या फोटोबद्दलचा सल्ला चुकीचा असेल असं नाही, पण तो विषय स्वच्छ वेगळा काढण्याच्या सवयीतून आलेला असतो, आणि जत्रेत गर्दी हाच विषय असू शकतो. दोघांनी एकमेकांचं न ऐकता एकाच जागी बोट ठेवलं तर तिथे नक्की काहीतरी आहे. त्यांचे उपाय वेगवेगळे असतील, तरी जागेबद्दल ते बरोबर असतात.

स्पर्धेतल्या गुणांना अभिप्राय समजू नका. सलॉनमध्ये, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनात, परीक्षकाला एका फोटोमागे काही सेकंदच मिळतात. तिथून फोटो परत आला याचा अर्थ त्या दिवशी त्या परीक्षकांना तो पुरेसा पटकन भिडला नाही, एवढाच. का, ते तुम्हाला कळणार नाही, आणि कितीदा पाठवला तरी कळणार नाही.

कट्टा मिळालाच नाही तर? फोटो काढल्यावर तीन-चार आठवडे बघू नका. मग त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या फ्रेम शेजारी शेजारी लावा आणि वरची वर्णनाची फेरी स्वतःशी मोठ्याने करा. उभं राहून काढलेल्या बारा फ्रेम आणि एकदाही गुडघा टेकलेला नाही, असले प्रकार तिथे उघडे पडतात. माणसाची जागा मात्र याने पूर्ण भरून निघत नाही.

वहीतून कॅमेऱ्यात

एका बैठकीतून एकच गोष्ट घ्यायची आणि पुढचे तीन-चार आठवडे तिच्यावरच काम करायचं. बाकी वहीत राहू द्या, पळून जात नाहीत. 'उभी फ्रेम' घेतली असेल तर प्रत्येक ठिकाणी आडव्यानंतर एक उभा काढायचाच, विषय कुठलाही असो. महिनाभराने हाताला सवय लागते आणि मग कधी काढायचा नाही हेही कळायला लागतं.

जेजुरीच्या त्या मुलीची अडचण अशी की सोमवार आणि अमावास्या एकत्र यायचा योग वर्षातून दोन-तीनदाच. तोवर थांबायचं कारण नाही. घराच्या गच्चीवर, ढगाळ दिवशी, भावाच्या हातात रांगोळीची पिवळी पूड देऊन, मागे काळी चादर टांगून मूठ उधळायला लावायची. १/१५, १/६०, १/२५०, १/१०००, प्रत्येकी दहा-बारा फ्रेम. प्रत्येक वेळी आरजीबी हिस्टोग्रामवर लाल आलेखाकडे बघायचं. लेन्स गच्चीवर बदलायची नाही, पूड सेन्सरवर बसली की सर्व्हिस सेंटरची वारी आली. चारही स्पीडची एकेक प्रिंट काढून पुढच्या बैठकीला न्यायची, सोबत जेजुरीची जुनी प्रिंटही ठेवायची, आणि विचारायचं: यातलं कुठलं फुटणं तुम्हाला फुटल्यासारखं वाटतं? काकांना या वेळीही शेवटीच बोलू द्यायचं.